दोन करारांमधले देशाटन



वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात घालून दिली आणि तिच्या पाठोपाठ गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. या व्यासपीठांवरून आजवर स्वराज्य, समाजसुधारणा, वेदान्त अशा भारदस्त विषयांची चर्चा झाली. आजचा आमचा विषय त्या मानाने अगदीच घरगुती आहे. एक करार संपल्यापासून दुसरा हाती येईपर्यंत जे रिकामे दिवस पदरी पडतात, त्यांत बेताच्या पैशात परदेशी कसे जाऊन यावे, एवढेच आम्हांस सांगायचे आहे. घरगुती असला तरी हा विषय अर्थशास्त्राच्या बाहेरचा नाही, हे बोलण्याच्या ओघात ध्यानी येईल.

या भाषणात 'आम्ही' हा शब्द वारंवार येईल. तो मोठेपणाचा नव्हे. ज्या जमाखर्चाच्या वहीवरून आम्ही बोलणार आहोत ती आम्हां उभयतांची आहे. तेव्हा बोलणेही दोघांच्या वतीने करणे रास्त होईल.

आम्ही एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. म्हणजे तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. एप्रिलअखेर तास संपतात आणि पुढच्या वर्षीची नेमणूक नव्याने व्हावी लागते. आमची सौ. एका सरकारी योजनेत अकरा महिन्यांच्या करारावर प्रयोगशाळेत काम करते. बारावा महिना हा तिचा 'खंड'. या सभागृहात असे अर्धे आयुष्य खंडात आणि अर्धे करारात घालवणारे आणखी कितीतरी श्रोते असतील. पूर्वी 'नोकरी लागली' म्हटले म्हणजे माणूस तीस वर्षे एका खुंटीस बांधला गेला असे समजत. आता नोकरी लागते, सुटते, पुन्हा लागते. अभियंते, परिचारिका, शिक्षक, संगणकावर काम करणारी मुले, जहाजावरचे खलाशी, सर्वांचीच ही तऱ्हा झाली आहे.

2023 च्या फेब्रुवारीत आम्ही घरी विषय काढला, की येत्या मे महिन्यात आपण दोघे परदेशी जाऊन यावे. आई भाजी निवडीत होती. तिने हातातली मेथी खाली ठेवली आणि विचारले, "अरे, नोकरी नसताना कुणी परदेशी जातं का?"

श्रोतेहो, आजचे सारे व्याख्यान या एका प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न खुळा नव्हे. पगारी माणसास रजा मिळते, रजेचा पगार मिळतो, सरकारी नोकरास तर रजा प्रवास सवलतही मिळते. आमच्या सुट्टीचा पगार कोणीच देत नाही. आमची सुट्टी ही आम्हीच मागल्या अकरा महिन्यांत साठवून विकत घेतलेली असते. मग ती विकत घेतलेली वस्तू घरी बसून चिंता करण्यात वापरावी की आणखी कशात, हा खरा प्रश्न.

आईस आम्ही त्या दिवशी एवढेच म्हणालो, "अगं, नोकरी असताना गेलो तर तासांचे पैसे बुडतात. नसताना गेलो तर बुडायला काही नाही." हे विनोदाने म्हटले, पण त्यात एक खरा हिशेब आहे. करारी माणूस कामाच्या दिवसांत पंधरा दिवस बाहेर गेला, तर प्रवासखर्च अधिक बुडालेली मिळकत अशी दुहेरी किंमत मोजतो. खंडाच्या दिवसांत फक्त प्रवासखर्च पडतो. त्यात पुन्हा तारखांची निश्चिती. कायम नोकरास साहेबाच्या दारी रजेचा अर्ज घेऊन उभे राहावे लागते. आमच्या रजेचा पहिला दिवस करारपत्रातच छापलेला असतो. तेव्हा दोन महिने आधी तिकीट काढण्याची सोय आमच्याइतकी कोणास नाही. शेवटचा दिवस मात्र छापलेला नसतो. सारी गोम तिथे आहे, आणि तिच्याकडे आम्ही पुढे येऊ.

एके काळी परदेशी जाऊ पाहणाऱ्याची खरी अडचण परकीय चलनाची असे. रिझर्व्ह बँकेची परवानगी काढावी तेव्हा हाती मोजके डॉलर पडत. 2004 साली रिझर्व्ह बँकेने उदार योजना आणली आणि वर्षास 25,000 डॉलर नेण्याची मुभा दिली. पुढे ही मर्यादा वाढत जाऊन 2015 पासून अडीच लाख डॉलर झाली. म्हणजे सरकारने आता आमचा हात धरायचे सोडले आहे. हात धरायचा तो आमच्याच खिशाने. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे म्हणतात, पण करारी माणसाचे अंथरूण दर महिन्यास लांबीला बदलते. म्हणून प्रथम अंथरूण मोजावे कसे ते सांगतो.

बहुतेक लोक प्रवासाचा अंदाज विमानाच्या तिकिटापासून धरतात. आम्ही तो घरापासून धरला. त्या वर्षी मार्चअखेर आमच्याजवळ 2,64,000 रुपये शिल्लक पडतील असे दिसत होते. घरखर्च महिना 24,000. नेमणूक होईपर्यंत चार महिने जातील असे धरून 96,000 रुपये बाजूस काढले आणि ते निराळ्या खात्यात टाकले. राहिले 1,68,000. त्यांतून दुखण्याबाणण्यासाठी 30,000 काढले, राहिले 1,38,000. मग सौ.ने एक रक्कम अशी काढावयास लावली, की जी आम्हांस सुचलीच नसती. ती म्हणाली, "आपण तिकडे असताना आपल्यापैकी कुणाला बोलावणं आलं तर? एका माणसाचं ताबडतोब परतीचं भाडं निराळं ठेवा." म्हणून 24,000 रुपये 'अकस्मात परती' या नावाने ठेवले. उरले 1,14,000. एवढेच आमचे प्रवासाचे पैसे. वहीत पहिल्या पानावर ही वजाबाकी आहे, आणि ज्यात ही वजाबाकी नाही तो प्रवासाचा अंदाज आम्ही अंदाज मानीत नाही.

आता देश कोणता? येथे आवड शेवटी विचारावी; आधी तीन चाळण्या लावाव्यात.

पहिली चाळणी कागदपत्रांची. युरोपातील बहुतेक देशांचा शेंगेन परवाना मागावयास गेले की पगाराचे दाखले आणि मालकाचे रजा मंजूर केल्याचे पत्र मागतात. ज्यास त्या घटकेस मालकच नाही त्याने पत्र कोणाचे आणावे? हे अशक्य आहे असे नव्हे. प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे यांवर काम भागवणारे लोक आहेत. परंतु नाकारल्यास शुल्क बुडते, आणि ते आम्हांस परवडणारे नव्हते. व्हिएतनामचा परवाना घरबसल्या संगणकावर निघतो, शुल्क 25 डॉलर, आणि नोकरी आहे काय याचा पुरावा कोणी मागत नाही. आम्ही गेलो तेव्हा तो 30 दिवसांचा होता. 15 ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंत मिळू लागला. एक सूचना मात्र करतो. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खाजगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, ती जादा पैसे उकळतात. शिवाय आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तिहेरी रचना असते. पासपोर्टवर ज्या रकान्यात जे आहे तेच, त्याच क्रमाने अर्जात लिहावे. चुकल्यास शुल्क परत मिळत नाही. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक असावी, हे तर सांगावयास नकोच.

दुसरी चाळणी हवेची. आमची सुट्टी मे महिन्यात. श्रीलंकेचा नैऋत्य किनारा त्या सुमारास पावसात सापडू लागतो. व्हिएतनामचा मध्यभाग, म्हणजे हुए, दा नांग, होई आन हा प्रदेश, मे महिन्यात कोरडा असतो. तिकडचा खरा पाऊस सप्टेंबरनंतरचा. मात्र ऊन फार. आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 6 मे 2023 रोजी, थान होआ प्रांतात पारा 44 अंशांच्या वर गेला, आणि तो त्या देशाचा तोवरचा उच्चांक ठरला. युरोपीय प्रवासी अशा दिवसांत तिकडे फिरकत नाहीत. भुसावळ-जळगावच्या उन्हात वाढलेल्या माणसास त्यात भिण्यासारखे काय आहे? आमच्या उन्हाळ्याने आम्हांस आयुष्यात प्रथमच काही सवलत मिळवून दिली, ती खोल्यांच्या भाड्यात. तिकडे एप्रिलच्या अखेरीस मोठ्या सुट्ट्या येतात. 2023 साली हुंग राजांचा स्मृतिदिन, 30 एप्रिलचा विजयदिन आणि 1 मे हे सारे जोडून 3 मेपर्यंत सुट्टी होती. आम्ही 4 तारखेच्या रात्री मुंबई सोडली, म्हणजे गर्दी ओसरल्यावर पोहोचलो.

तिसरी चाळणी रुपयाच्या वजनाची. एका रुपयास त्या वेळी सुमारे 285 डोंग मिळत. आकडे ऐकून छाती दडपते, वाटीभर शेवयांस चाळीस हजार डोंग! पण 285 ने भागले की एकशे चाळीस रुपये होतात. पहिल्या दिवशी प्रत्येक आकडा भागून पाहावा लागे. चौथ्या दिवशी डोके आपोआप भागू लागले.

दोघांचा अंदाज येणेप्रमाणे होता. विमानाचे जाणे-येणे 44,000. स्वस्त विमाने जाण्याचे आणि येण्याचे तिकीट निरनिराळे विकतात, म्हणून हनोईस उतरून सायगावहून परतण्यास जादा पडले नाही. मुंबईपर्यंत आगगाडी 1,600. परवाने 4,100. विमा 2,400. अठरा रात्रींपैकी दोन आगगाडीत. उरलेल्या सोळा रात्रींची खोली दिवसास 1,150 प्रमाणे 18,400. तिकडची आगगाडी 14,000. जेवणखाण दिवसास 900 प्रमाणे एकोणीस दिवसांचे 17,100. गावातली वाहने व प्रवेशशुल्के 6,000. किरकोळ 3,000. एकूण 1,10,600. हाती राहिले 3,400. ते आईच्या साडीस आणि शेजाऱ्यांच्या खाऊस.

यात एक गोष्ट ध्यानी घ्यावी. एवढ्या पैशात दहा दिवसांत पाच शहरे दाखवणारी यात्रा मिळाली असती. ती आम्ही घेतली नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे आणि वेळ नाही त्याने ती जरूर घ्यावी; तो पैसे देऊन वेळ वाचवतो. आमच्यापाशी वेळ होता आणि पैसा नव्हता. तेव्हा जिथे जिथे पैसा पडेल तिथे तिथे वेळ टाकावा, हे आमचे सूत्र. विमानाऐवजी आगगाडी, मोटारीऐवजी सार्वजनिक बस, आणि एका गावी दोन रात्रींऐवजी पाच. एका खोलीत पाच रात्री राहतो म्हटल्यावर मालकीणबाई भाडे आपण होऊन उतरवते, हा अनुभव हनोईत पहिल्याच दिवशी आला.

हनोईत पाहण्यासारखे पुष्कळ, परंतु आम्ही एकाच ठिकाणी तीनदा गेलो. तिकडे वान म्येउ म्हणून एक विद्यामंदिर आहे. 1070 साली कन्फ्यूशियसच्या नावाने ते स्थापन झाले आणि 1076 पासून तेथे राजविद्यालय चाले. अंगणात दगडी कासवे रांगेने बसली आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक शिलालेख उभा आहे. असे 82 शिलालेख आजही तेथे आहेत. 1442 ते 1779 या काळात राजपरीक्षेत उत्तीर्ण झालेल्या तेराशेहून अधिक पंडितांची नावे, गावांसह, त्यांवर कोरलेली आहेत. आम्ही सतरा वर्षे शिकवत आहोत. आमचे नाव महाविद्यालयाच्या लाकडी फलकावरही नाही, कारण फलक रंगवणाऱ्याला दरवर्षी बोलावणे परवडत नाही असे सांगतात. आणि येथे पाचशे वर्षांपूर्वीचा विद्यार्थी कासवाच्या पाठीवर कायम नेमणुकीने बसला आहे! सौ. म्हणाली, "कासवावर बसवलंय म्हणजे त्यांचीही नेमणूक सावकाशच झाली असेल."

त्याच आवारात चू वान आन या चौदाव्या शतकातल्या आचार्यांची मूर्ती आहे. सात भ्रष्ट अधिकाऱ्यांना देहदंड द्यावा असा अर्ज त्यांनी राजास केला. राजाने तो मनावर घेतला नाही, तेव्हा त्यांनी पद सोडले आणि डोंगरात जाऊन शिकवत राहिले. आज परीक्षेच्या दिवसांत मुले तेथे येऊन नमस्कार करतात. पद गेले तरी शिक्षकपण जात नाही, ही गोष्ट पुस्तकात वाचलेली होती. मे महिन्याच्या रिकाम्या दिवसांत त्या मूर्तीपुढे उभे राहून ती निराळी वाटली. खरे सांगायचे तर खंडाच्या महिन्यांत आम्ही आजवर ओळखीच्या माणसांस टाळत आलो होतो. 'सध्या काय?' हा प्रश्न नको असतो. तिकडे कोणी तो विचारीत नव्हते, आणि जेव्हा विचारले तेव्हा 'शिक्षक' असे उत्तर आम्ही न अडखळता दिले.

10 मेच्या संध्याकाळी हनोईहून हुएकडे निघालो. अंतर 688 किलोमीटर, रात्रभराचा प्रवास. हनोई ते सायगाव ही 1,726 किलोमीटरची वाट 1936 साली पुरी झाली. मीटरगेज, एकेकाळी मिरजेहून बंगळूरकडे जाई तशी. डब्याचे डुलणेही तसेच. 1954 साली देश दुभंगला तेव्हा ही वाट तुटली आणि 1976 च्या अखेरीस पुन्हा जोडली गेली. सकाळी गाडीने बेन हाय नदी ओलांडली. एकवीस वर्षे ही नदी दोन राज्यांची सीमा होती. डब्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी खिडकीकडे बोट केले आणि दोन्ही हातांच्या मुठी एकमेकींपासून दूर नेऊन पुन्हा जुळवून दाखवल्या. भाषा येत नसताना इतिहास शिकवण्याची ती पद्धत आम्ही त्यांच्याकडून उचलली आहे. विमानाने गेलो असतो तर तास-दीड तासात पोहोचलो असतो, खोलीची एक रात्र जादा पडली असती आणि ती नदी दिसली नसती.

खाण्याविषयी भगिनीवर्गास कुतूहल असेल. आम्ही शाकाहारी. तिकडे जवळजवळ प्रत्येक पदार्थात माशांपासून केलेले पाणी घालतात, तेव्हा नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'चाय' हा शब्द पाठ करावा. चहा नव्हे, तिकडे चाय म्हणजे निरामिष. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबे असेच जेवतात, त्यामुळे गल्लीबोळांत 'कोम चाय', म्हणजे शाकाहारी भाताची, लहान लहान दुकाने सापडतात. हुए हे तर त्यासाठी नावाजलेले. तेथे एका बाईंनी केळफुलाची कोशिंबीर वाढली. केळीच्या देशातून आलेल्या आम्हांस तेव्हा घर आठवले. पर्यटकांच्या रस्त्यावरून दोन गल्ल्या आत गेले की तेच जेवण निम्म्या दरात मिळते. हा नियम आपल्या पंढरपुरास लागू आहे तसाच तिकडेही.

हुए ही न्युएन राजघराण्याची 1802 ते 1945 पर्यंतची राजधानी. 1968 च्या लढाईत तिथला राजवाडा पुष्कळसा उद्ध्वस्त झाला. आता थोडा थोडा उभारत आहेत. तेथे चार रात्री काढून 15 तारखेस आगगाडीने हाय वान घाटाच्या कडेने, एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस समुद्र ठेवून, दा नांगला आणि तेथून बसने होई आनला आलो. आणि तेथे 16 मेच्या संध्याकाळी, ज्या गोष्टीची भीती होती ती घडली.

सौ.च्या कार्यालयातून निरोप आला: कराराच्या नूतनीकरणासाठी 20 मे रोजी मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे. दरवर्षी हे काम महिनाअखेरीस होई. आमचे परतीचे विमान 23 चे.

श्रोतेहो, परक्या गावी, रात्रीच्या वेळी, नोकरीची टांगती तलवार डोक्यावर असताना नवराबायकोत काय बोलणे होऊ शकते याची कल्पना आपणांस करता येईल. 'मी आधीच म्हटलं होतं' या वाक्याने सुरू होणारे ते बोलणे आमच्यात झाले नाही. त्याचे श्रेय आमच्या समजूतदारपणास नाही. ते वहीतल्या 24,000 रुपयांस आहे. पैसे कुठून आणावयाचे हा प्रश्नच नव्हता. ते त्याच कामासाठी ठेवलेले होते. दा नांगहून मधे विमान बदलून मुंबईपर्यंतचे 18 तारखेचे तिकीट 19,500 रुपयांस मिळाले. तिची पुढची तिकिटे वाया गेली. आम्हीही परतावे असे आमच्या मनात आले, तेव्हा ती म्हणाली, "दोघांचं वाया घालवून कुणाचं भलं होणार? तुम्ही पुरं पाहून या, आणि वही नीट ठेवा."

मधला एक दिवस हाती होता, 17 मे. पहाटे उठून आम्ही दोघे मी सोन येथे गेलो. होई आनपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर डोंगरांच्या वेढ्यात चंपा राजांची शिवमंदिरे आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मन् राजाने येथे भद्रेश्वराची स्थापना केली. पुढे शतकानुशतके तेथे विटांचे मनोरे उभे राहिले. विटांच्या सांध्यांत चुना दिसत नाही. 1969 च्या ऑगस्टात अमेरिकन बाँबहल्ल्यात त्यांतला सर्वांत मोठा मनोरा कोसळला. 2017 ते 2022 या काळात आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तेथील काही मंदिरांची डागडुजी केली, आणि 2020 च्या मे महिन्यात त्यांस नवव्या शतकातले एकसंध दगडी शिवलिंग मिळाले. संस्कृत शिलालेख वाचण्याचा प्रयत्न करीत आम्ही उभे होतो. सौ. बॉम्बच्या खड्ड्याकडे पाहत होती. इतक्या दूर आपल्या देवाचे देऊळ कोणी बांधले, कोणी पाडले आणि कोणी सावरले, हे सारे एका दृष्टिक्षेपात तिथे दिसते. तेथून परतताना दोघेही फारसे बोललो नाही.

सौ. 18 ला निघाली. आम्ही होई आनमध्ये उरलेल्या रात्री काढून आगगाडीने सायगावपर्यंत गेलो आणि ठरल्याप्रमाणे परत आलो. पाहिले सारे, पण एकट्याने पाहिलेल्याविषयी सांगण्यासारखे थोडेच असते. 20 तारखेस सौ. कार्यालयात हजर झाली तेव्हा तिला सांगण्यात आले, की साहेब रजेवर आहेत, 25 ला या! त्यावर टीका करण्याचे हे स्थळ नव्हे. कोण्या टेबलावरच्या एका तारखेची किंमत दुसऱ्या कोणास 19,500 रुपये पडते, एवढे नोंदवून पुढे जातो. करार मात्र जूनपासून नव्याने झाला.

आता अखेरचा हिशेब. प्रवासास 1,08,500 लागले, अकस्मात परतीस 19,500, एकूण 1,28,000. ठरवलेल्या 1,38,000 च्या आत सारे बसले आणि दहा हजार परत आले. इथेच थांबलो तर आपण आमची पाठ थोपटाल. परंतु व्याख्यात्याने सोयीचे तेवढेच सांगणे बरे नव्हे. आमची एक मोठी चूक झाली.

घरखर्चाचे आम्ही चार महिने धरले होते, कारण ऑगस्टमध्ये तास सुरू होतात. ते ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालेही. पण त्या तासांचे पैसे हाती आले ते दिवाळीच्या तोंडावर. काम सुरू होणे आणि पैसा हाती येणे या दोन निराळ्या तिथी आहेत, आणि सतरा वर्षे तासिका तत्त्वावर काढूनही आम्ही हिशेब पहिल्या तिथीपर्यंतच मांडला होता. सौ.चा पगार जूनपासून येत होता म्हणून निभावले. तिचा करार झाला नसता तर सप्टेंबरात दुखण्याबाणण्याचे 30,000 मोडावे लागले असते, आणि त्यानंतर उसनवारी. त्या वर्षी आईस गणपतीत एकदा दम्याचा त्रास झाला. ते पैसे जागेवर होते म्हणून आज आम्ही इथे मोकळ्या मनाने बोलत आहोत. नसते, तर आईचा प्रश्न आम्हांस जन्मभर टोचला असता.

म्हणून तरुण श्रोत्यांस आमचे सांगणे असे. पहिला पगार हातात पडेपर्यंतचे महिने मोजा, आणि त्यात आणखी एक मिळवा. ती रक्कम प्रथम निराळी काढा. मग दुखण्याची, मग एका माणसाच्या परतीची. त्यानंतर जे उरेल त्यात देश बसवा. देशात पैसे बसवू नका. उरलेल्यात परदेश बसत नसेल तर त्या वर्षी हंपी बसेल, वेरूळ बसेल. तेही कमीपणाचे नाही. कर्ज काढून मात्र खंडात प्रवास करू नये, कारण ते फेडण्याच्या धाकाने माणूस पुढचा करार वाटेल त्या अटींवर पत्करतो.

आणि ज्यांच्या वजाबाकीनंतर काही उरते त्यांनी अवश्य जावे. खंडाचे दिवस कोणी आपल्यावर लादलेले असतात हे खरे. पण लादलेला असला तरी तो आपल्याच आयुष्याचा भाग आहे आणि तो पुन्हा भरून मिळत नाही.

आईने पुढे तो प्रश्न विचारला नाही. यंदा मार्चमध्ये ती म्हणाली, "या वर्षी किती महिन्यांचे काढून ठेवलेस?" आम्ही "सात" म्हणून सांगितले. ती म्हणाली, "मग कुठे जायचं ते बघा."

 जमाखर्चाची वही सोबत आणली आहे. ज्यांस आकडे उतरून घ्यावयाचे असतील त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठापाशी यावे. वही सौ.कडे आहे.